निळे जिंकले की

गेटवरच्या शिपायानं तिकिटं हातात घेतली, पण पाहिलं ते इफराकडे. पंधरा वर्षांची मुलगी, अंगात काळा अबाया, गळ्यात निळा मफलर आणि चेहऱ्यावर आजच ईद असल्यासारखा आनंद. शिपाई हसला. तिकिटं परत देत त्यानं हात लांब करून पार दुसऱ्या टोकाचं फाटक दाखवलं. "आइला? हिनाक, हिनाक." फॅमिली तिकडे. नसरुद्दीन जागच्या जागी उभा राहिला. बावीस वर्षं त्यानं रियाधमध्ये काढली होती. हॉटेलात फॅमिलीचं दार कोणतं आणि सड्या माणसांचं कोणतं, बागेत कोणत्या वारी कोणी जायचं, हे त्याला स्वतःच्या नावाइतकं पाठ होतं. आणि नेमकं तेच आज तो विसरला होता. या स्टेडियमात तो कितीतरी वेळा आला होता, पण दर वेळी सडा आला होता. बायकांना आत सोडायला लागून अजून वर्षसुद्धा झालं नव्हतं. त्याच्या डोक्यातल्या स्टेडियमला एकच दार होतं आणि त्या दारातून आत गेलं की पश्चिमेचा स्टँड, ढोलवाल्यांच्या मागची तिसरी रांग, आणि तिथे अबू नाएफ. त्याचा कफील, ज्याच्या नावावर त्याचा व्हिसा होता तो मालक. अठरा दिवस जो फोन उचलत नव्हता तो अबू नाएफ.

"या अखी," नसरुद्दीन हळूच म्हणाला, "माझा कफील आत बसलाय, पश्चिमेला. मुलीला फक्त सलाम करायला नेतो. दोन मिनिटं."

"पश्चिमेला बायका नाहीत, हबीबी. तिकडचं तिकीट मी बदलून देतो."

"मग मी एकटा जाऊन येतो."

"आणि मुलगी कुठे उभी राहणार?" शिपायानं विचारलं. टोमणा म्हणून नव्हे, खरोखरच काळजीनं विचारलं. शिपाई भला माणूस होता. तो स्वतः त्यांच्याबरोबर चालत फॅमिलीच्या फाटकापर्यंत आला, तिथल्या माणसाशी बोलला, तिकिटं बदलून दिली आणि इफराला म्हणाला, "यल्ला, ओरड जोरात, आज जिंकायला हवं." भल्या माणसांनी केलेल्या नुकसानाबद्दल कोणाकडे तक्रार करायची हे नसरुद्दीनला कधीच कळलं नव्हतं.

पूर्वेच्या बाजूला, वरच्या मजल्यावर त्यांना जागा मिळाली. तंबूसारखं पांढरं छप्पर, खाली डोळ्यांना टोचेल इतकं हिरवं गवत, आणि त्या गवतापलीकडे, म्हटलं तर समोरच आणि म्हटलं तर दुसऱ्या मुलखात, पश्चिमेचा स्टँड. हजारो पांढरे पायघोळ थोब आणि लाल रुमाल. त्यातला एक त्याचा. "अब्बा, व्ह्यू देखो!" इफरा म्हणाली. घरात तिच्याशी मराठीत बोललं की ती हिंदीत उत्तर द्यायची, हिंदीत बोललं की इंग्लिशमध्ये. आई चिडायची, तो चिडत नसे. आजही तो फक्त "हो" म्हणाला आणि खुर्चीच्या थंडगार प्लास्टिकवर टेकला. डिसेंबर संपत आला होता, असरच्या नमाजानंतरचं ऊन होतं, पण त्यात काही जीव नव्हता.

तिला आणायचं असं सकाळीच ठरलं होतं, आणि ते त्याचंच डोकं. बायको, मासूमा, आधी नको म्हणाली होती. चहाचा कप ओट्यावर ठेवत ती म्हणाली होती, "पोरीला कशाला मधी आणताव? तुमचा न त्याचा मामला हाय." मग त्यानं तिला समजावलं. इफरा दोन महिन्यांची असताना अबू नाएफनं तिला दुकानाच्या काउंटरवर बसवून निळ्या रुमालात गुंडाळली होती आणि आल्यागेल्या गिऱ्हाइकाला सांगितलं होतं, ही आमच्या टीमची मुलगी. त्या मुलीला आज एवढी मोठी झालेली पाहून तो नाही म्हणू शकेल का? तिच्या दहावीच्या परीक्षेला दोन महिने राहिलेत हे तिच्या तोंडून ऐकून? शेवटी मासूमा म्हणाली, "तुमी एकले गेलाव तर तो बघणार पण नाय, ह्या बाकी खरा." मग तिनं इफराचा अबाया इस्त्री केला. इफराला त्यातलं काहीच सांगितलं नव्हतं. तिला वाटत होतं, वर्षभर हट्ट धरला तो अखेर फळाला आला.

मागणं तसं मोठं नव्हतंच. हाच विचार त्याला रात्रंदिवस कुरतडत होता. बत्ह्या बाजारातलं घड्याळाचं आणि चष्म्याचं दुकान नोव्हेंबरात बंद झालं. सौदायझेशनचा नवा नियम आला, अशा दुकानांत बहुतेक माणसं सौदीच पाहिजेत, आणि अबू नाएफला आता या वयात नवी माणसं शिकवण्याचा उत्साह नव्हता. त्यानं शटर ओढलं आणि जागा भाड्यानं दिली. त्याचं चूक तरी कसं म्हणावं? नसरुद्दीननं हातपाय मारून पार दक्षिणेतल्या जिझानच्या एका कंपनीत स्टोअरकीपरची जागा मिळवली. बायको-मुलगी रियाधमध्येच राहतील, परीक्षा होईल, पुढचं पुढे. फक्त जुन्या कफीलनं नव्याकडे नाव सोपवायचं. त्यासाठी ना कचेरीत जायचं होतं, ना शिक्का मारायचा होता. अबू नाएफच्या मोबाइलमध्ये एक विनंती येऊन पडली होती, तिच्यावर अंगठा ठेवायचा, झालं. इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, रविवारी संपत होता. आज गुरुवार. एका अंगठ्यावर तीन माणसं अडकली होती आणि तो अंगठा समोरच्या स्टँडमध्ये बहुधा टरबुजाच्या बिया सोलत होता.

अबू नाएफ वाईट माणूस नव्हता. असता तर सोपं झालं असतं, शिव्या देऊन मोकळं होता आलं असतं. तो फक्त त्याच्या टीमचा होता. नसरुद्दीन बाणकोटहून पहिल्यांदा आला तेव्हा दुकानातल्या जुन्या सिराजुद्दीनचाचांनी त्याला काम शिकवायच्या आधी हे शिकवलं होतं. भिंतीवर एक कॅलेंडर होतं आणि त्यात काही तारखांना निळ्या पेनानं गोल केलेले होते. "हे बघ बाळा," चाचा म्हणाले होते, "निळे जिंकले की दुसऱ्या दिवशी अर्ज पुढे करायचा. सुट्टीचा, इकाम्याचा, कसलाही. हरले की दुकानात खोकायचंसुद्धा नाही." नसरुद्दीनला ती थट्टा वाटली होती. थट्टा नव्हती. सगळ्या बत्ह्यात अबू नाएफच्या चार दुकानांतली माणसं फुटबॉलचं वेळापत्रक नमाजाच्या वेळांसारखं पाळायची. कोणाच्या बहिणीचं लग्न, कोणाच्या आईचं ऑपरेशन, सगळं सामन्यांच्या मधे बसवलेलं. नसरुद्दीनचं स्वतःचं लग्न एका बरोबरीमुळे बावीस दिवस पुढे गेलं होतं. मासूमाचा व्हिसा निघाला तो तीन-शून्यवर. बाप वारला तेव्हा मात्र निळे सलग दोन सामने हरलेले होते. चाचा म्हणाले, थांब, शनिवारी तिसरा आहे. तो थांबला. शनिवारी जिंकले, रविवारी सही झाली, सोमवारी तो बाणकोटला पोचला तेव्हा कबरीवरची माती सुकून गेली होती.

हे सगळं त्याला आठवत होतं आणि खाली सामना सुरू झाला होता. इफरा उभी होती. शेजारी एक सौदी बाई होती, उम्म राकान म्हणून तिनं स्वतःची ओळख करून दिली. तिनं पिशवीतून निळा रंग काढून इफराच्या गालावर दोन पट्टे ओढले होते. दोघी एकमेकींना खेळाडूंची नावं सांगत होत्या, कोणाचा गुडघा दुखावलाय, कोणाला उगाच बाहेर बसवलंय. इफराची अरबी आपल्यापेक्षा साफ आहे हे नसरुद्दीनला जाणवलं, आणि एरवी ज्यानं छाती फुगली असती त्यानं आज धास्ती वाटली. ही मुलगी बाणकोटला जाऊन काय करणार? तिथे तिला दोन महिन्यांच्या सुट्टीत पाहुणी म्हणून ओळखतात. ती हिरव्या गवताकडे पाहत होती तशी त्यानं कधी पाहिली होती का ही जमीन? तो इथे पहिल्यांदा आला तो अबू नाएफचा कहव्याचा थर्मास घेऊन. योगायोगानं त्या दिवशी निळे जिंकले, मग अबू नाएफनं फर्मान काढलं की नासर शुभ आहे, नासरला आणायचं. नसरुद्दीन हे नाव त्याच्या तोंडी कधीच बसलं नाही. मग दर मोठ्या सामन्याला नासर आणि थर्मास. तो उभा राहायचा, ओरडायचा, पेनल्टीच्या वेळी डोळे मिटून घ्यायचा. छाती खरीच धडधडायची. पण ती कशासाठी धडधडायची? खोलीवरची पोरं म्हणायची, नसरुभाई पक्का फॅन आहे. आणि तो हसायचा. आता समोर एक पिवळा खेळाडू बॉल घेऊन डावीकडून धावत येत होता, आणि नसरुद्दीनच्या छातीचं तेच सुरू झालं होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा तो स्वतःला विचारत होता की बाबा रे, तुला हा खेळ आवडतो का? बावीस वर्षांत एकदाही त्यानं तो नुसता पाहिला नव्हता. अर्जदारानं साहेबाचा चेहरा पाहावा तसा पाहिला होता.

पिवळ्यांनी गोल केला. सगळा पूर्वेचा स्टँड एकदम खाली बसला. इफरानं दोन्ही हात डोक्यावर ठेवले. "अब्बा! ऑफसाइड था!" ती ओरडली. तिचं दुःख किती स्वच्छ होतं. टीम हरतेय म्हणून दुःख, बस. त्याला तिचा हेवा वाटला आणि लगेच पोटच्या पोरीचा हेवा करतोस म्हणून लाजही वाटली. त्यानं खिशातून फोन काढला. आता हरले तर अठराचे पंचवीस दिवस होणार, आणि रविवारनंतर दिवस मोजायचंही कारण उरणार नव्हतं.

हाफटाइम झाला तेव्हाच मगरिबच्या नमाजाची वेळ झाली. जिन्याखालच्या मोकळ्या जागेत लोक रांगा करून उभे राहिले, तोही राहिला. सजद्यात कपाळ गार फरशीला लागलं आणि त्याच्या मनात दुआ आली ती सरळ आली, या अल्ला, दोन गोल. पन्नाशीला टेकलेला माणूस, आणि मागतोय काय? त्यानं दुआ बदलायचा प्रयत्न केला. इफराची परीक्षा, मासूमाची तब्येत, जिझानची नोकरी असं एकेक नाव घेऊन पाहिलं. पण सगळ्या वाटा फिरून त्या दोन गोलांपाशीच येत होत्या. तो उठला, सलाम फिरवला, आणि जिन्यातच उभं राहून अबू नाएफला फोन लावला. घंटा वाजत राहिली. तसाच फोन कानाला लावून तो वर आला.

"अब्बा, जल्दी! देखो, अबू नाएफ अंकल!" इफरा मोठ्या पडद्याकडे बोट दाखवत होती. दुसऱ्या टोकाला टांगलेल्या त्या पडद्यावर कॅमेरा प्रेक्षकांवरून फिरता फिरता पश्चिमेच्या स्टँडमध्ये थांबला होता. म्हातारे, जुने शौकीन दाखवायची त्यांची पद्धत. आणि खरोखर, दुमजली घराएवढा अबू नाएफ तिथे बसला होता. गळ्यात निळा मफलर, दाढी आता पुरती पांढरी, तोंड रागानं आंबलेलं. नसरुद्दीनच्या कानात घंटा वाजत होती. पडद्यावरच्या अबू नाएफनं थोबाच्या खिशातून फोन काढला, हात लांब धरून, डोळे बारीक करून पाहिलं, आणि फोन मांडीवर पालथा ठेवला. घंटा वाजतच राहिली. कॅमेरा पुढे सरकला, एक बाळ दिसलं, लोक हसले.

"आपको बुलाया क्यों नहीं उन्होंने?" इफरानं विचारलं. "पहले तो साथ बैठते थे ना?"

"तू होतीस ना," तो म्हणाला. "फॅमिली इकडे."

"ओह. सॉरी, अब्बा." आणि तिनं त्याच्या दंडाला डोकं टेकवलं. हे मात्र त्याला सोसलं नाही. सांगून टाकावं का हिला आत्ताच? की बाई, मी सामना बघायला आलेलो नाही, मी तुला एका म्हाताऱ्याला दाखवायला आणलीय. तुझे डोळे, तुझी उंची, तुझं दहावीचं वर्ष, सगळं त्याच्यापुढे मांडायला आणलंय. त्याच्या घरी तीनदा जाऊन आलो, ड्रायव्हरनं फाटकातूनच परत लावलं. त्यानं तोंड उघडलंसुद्धा. पण शिट्टी वाजली, आणि इफरा उठून उभी राहिली, आणि त्याचं सांगायचं राहून गेलं.

दुसऱ्या अर्ध्यात तो बदलला. त्याला स्वतःलाच ते जाणवलं. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, त्याला आता खाली धावणाऱ्या अकरा माणसांचा आधार होता. तो उभा राहिला. तो ओरडायला लागला. आधी अरबीत, मग हिंदीत, मग बाणकोटच्या बोलीत, जिच्यातल्या शिव्या त्यानं लग्नानंतर सोडल्या होत्या. उम्म राकान हसून इफराला म्हणाली, तुझा बाप आमच्यापेक्षा मोठा शौकीन आहे. इफरा अभिमानानं म्हणाली, बावीस वर्षांपासून. सत्तराव्या मिनिटाला निळ्यांनी बरोबरी केली आणि नसरुद्दीननं इफराला उचललं. एवढ्या मोठ्या मुलीला उचललं, आणि कमरेत कळ आली ती त्याला कळलीसुद्धा नाही. आता एक. फक्त एक. घशात रक्ताची चव येत होती. इफराही ओरडत होती आणि दोघांचे आवाज एकात एक मिसळत होते, आणि त्या वीस मिनिटांत एक क्षण असा आला की त्याला कफील आठवला नाही, इकामा आठवला नाही, फक्त बॉल दिसला. हिरव्यावरून घरंगळणारा पांढरा बॉल. त्याला वाटलं, हे आहे तर! हे एवढं सुख लोक इथे येऊन फुकट घेऊन जात होते आणि आपण इतकी वर्षं थर्मास धरून बसलो. मग वेळ संपत आली, वाढीव मिनिटं लागली, कॉर्नर झाला, आठ-दहा डोकी एकदम वर उठली आणि जाळं हललं.

काय आवाज झाला तो. छप्पर थरथरलं. नसरुद्दीन रडत होता, उघड रडत होता, आणि इफरा त्याच्या गळ्यात पडून "अब्बा, अब्बा" करत होती. शिट्टी वाजली. दोन-एक. उम्म राकाननं खजुराचा डबा उघडला आणि ओळखीच्या-अनोळखीच्या सगळ्यांपुढे फिरवला. आता उचलेल, नसरुद्दीनला वाटलं. आता तो स्वतः फोन करेल. बावीस वर्षांत हे कधी चुकलं नव्हतं. आणि तेही लगेच खरं ठरलं, हातातला फोन थरथरला. आधी सरकारी मेसेज आला, आकडे आणि तारखा असलेला, आणि पाठोपाठ अबू नाएफचा आवाज, रेकॉर्ड केलेला. त्यानं फोन कानाशी दाबला, दुसऱ्या कानात बोट घातलं.

"मबरूक, या नासर! पाहिलंस ना? पाहिलंस ना शेवटचा गोल? अल्लाची शपथ, माझं वय दहा वर्षांनी कमी झालं! ऐक. तुझं काम माझ्याकडून लटकून राहिलं होतं, मला ठाऊक आहे. आज खुशीचा दिवस, आज कोणाला अडकवून ठेवू नये. आत्ताच करून टाकलं. ते जिझानचं काही मला समजत नाही, नव्या कंपन्यांच्या झंझटीत माणूस मरतो. मी तुझं फायनल एग्झिट काढलंय, कायमचं घरी जायचं, बायकोमुलीसकट. साफ, इज्जतीचं. साठ दिवस आहेत, आरामात जा. गावी तुझ्या आईला माझा सलाम सांग. खलास, हबीबी, खलास!" मागे ढोल वाजत होते. त्याच आवाजात तो हसत होता, आणि ते हसू खोटं नव्हतं.

नसरुद्दीननं ते परत ऐकलं. मग मेसेज वाचला. अक्षर न् अक्षर लावून वाचला. साठ दिवस म्हणजे फेब्रुवारीची अखेर. परीक्षा मार्चमध्ये. हे मागे घ्यायचं तर तेही त्याच्याच अंगठ्यानं, आणि त्याला सांगायचं काय? की तू केलेली मेहेरबानी मला नको? तो खाली बसला.

"क्या हुआ, अब्बा? क्या बोले अंकल?"

त्यानं तिला सांगितलं. आता लपवायला काही उरलं नव्हतं. दुकान, जिझान, रविवार, अंगठा, सगळं भराभर सांगितलं, मराठीत. भोवती लोक नाचत होते. गालावरचे निळे पट्टे तिनं हातानं पुसले, ते नीट पुसले गेले नाहीत.

"हरले असते तर?" तिनं विचारलं. मराठीत विचारलं. कितीतरी दिवसांनी.

"तर फोनला हातच लावला नसता त्यानं."

"मग नेक्स्ट मॅच कधी होती?"

"पुढच्या गुरुवारी."

"म्हणजे उद्या नाहीतर परवा आपण त्याच्या घरी जाऊ शकलो असतो. मी फाटकात बसले असते. मी हललेच नसते." तिनं गळ्यातला मफलर सोडवला. "आपण एवढं ओरडलो, अब्बा."

तिला जवळ घ्यावं, पायाशी बसून माफी मागावी, समोरच्या स्टँडकडे पाहून गळा फाटेस्तोवर त्या म्हाताऱ्याला शिव्या द्याव्या, यातलं एकही त्याच्या हातून झालं नाही. खाली निळे खेळाडू मैदानाला फेरी मारत पूर्वेच्या स्टँडपाशी आले होते आणि वर बायकामुलांकडे पाहून हात हलवत होते. सगळा स्टँड उठला, टाळ्या वाजवायला लागला. त्याबरोबर तोही उठला. आपण उठलोय हे त्याला कळलं, आपण टाळ्या वाजवतोय हेही कळलं, पण हात काही केल्या थांबेनात. तो समोर पाहत होता, तोंडावर ते जुनं हसू आलं होतं, आणि हात वाजत होते. मग इफरानं पुढे होऊन ते दोन्ही हात आपल्या हातांत घट्ट धरले, आणि तरीही थोडा वेळ ते तिच्या मुठीत हलत राहिले.